‘बघू’ म्हणू नकोस

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

गेल्या रविवारी तू आलीस, चहा घेतलास, पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवलास आणि मी तो वाचून होईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसलीस. लातूरच्या शिकवणीची फी, खोलीचे भाडे, मेस आणि सराव परीक्षा मिळून त्यावर एक लाख साठ हजारांची बेरीज होती. भावाचे ‘नीट’चे गुण याही वेळी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचले नाहीत आणि त्याला आणखी एक वर्ष रिपीट करायचे आहे, असे तू सांगितलेस. धाकटी बारावी झाली असून तिला नर्सिंगला जायचे आहे, हे तू चप्पल घालताना सांगितलेस. चप्पल घालताना, हे मी मुद्दाम लिहीत आहे. मी विचारले, ‘मग तू भावाला काय म्हणालीस?’ तू म्हणालीस, ‘बघू म्हटलं.’

त्या एका शब्दासाठी हे पत्र आहे. भावंडांसाठी करावे की न करावे हा तुझा प्रश्न नाही, तो माझाही कधी नव्हता, म्हणून त्यावर मी शाई खर्च करत नाही. पण ‘बघू’ हा आपल्यासारख्या घरांतला सर्वांत महागडा शब्द आहे. तुझ्या भावाने त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतला, आईने ‘पोरगी काहीतरी करेल’ असा घेतला, आणि तुझ्या मनात त्या वेळी, माझा अंदाज चुकत नसेल तर, ‘कुठून आणू’ एवढेच होते. एकाच शब्दाचे तीन अर्थ घेऊन घर झोपी जाते आणि फीचा पहिला हप्ता भरायचा दिवस आला की तू मोबाइलवर वैयक्तिक कर्जाचा अर्ज भरतेस. तू तो अजून भरलेला नाहीस, असे मी धरून चालते.

मुली, आकडा सांग. आधी सांग, तोंडाने सांग, आणि ज्याच्यासाठी खर्च करायचा त्याला समोर बसवून सांग. मला तुला एवढेच सांगायचे आहे आणि पत्र संपेपर्यंत मी तेच सांगणार आहे.

माझे ऐक. १९८८ साली सोलापुरात सरकारी कचेरीच्या लेखा शाखेत मी ९५० रुपये मूळ वेतनावर लिपिक म्हणून लागले. वडिलांची गिरणी आज चालू, उद्या बंद अशी होती आणि आई घरी विड्या वळत असे. हजार विड्यांवर मजुरी ठरलेली होती. विडी कारखान्यात देताना त्यातल्या काही नाकारल्या जात आणि तो दिवस आमच्या घरात फार शांततेत जाई. भाऊ माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, बहीण चौदा वर्षांनी. दोघांचे शिक्षण माझ्याकडे आले, म्हणजे कोणी सोपवले असे नाही. पगार माझा होता, म्हणून आले. १९९५ साली भावाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, पण त्या काळच्या पद्धतीत एक फ्री सीट असे आणि एक पेमेंट सीट असे, आणि त्याची जागा पेमेंट सीटची, म्हणजे जास्त फीची होती. मी कर्मचाऱ्यांच्या पतपेढीचे कर्ज काढले, पुढे भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम घेतला, आणि माझे एम.कॉम. पहिल्या वर्षावर थांबले ते थांबलेच. लग्नाचे विषयही त्याच वर्षांत निघाले आणि मावळले. त्यावर जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

या सगळ्याची नोंद मी वहीत ठेवली. पै न पैचा हिशेब होता, तारखेसह. लेखा शाखेतली बाई मी, दुसरे काय करणार. फक्त ती वही मी कोणाला दाखवली नाही. आई विडी कामगार असल्यामुळे कल्याण निधीतून भावाला छोटी शिष्यवृत्ती मिळे, ती रक्कम घरात सगळ्यांना पाठ होती, कारण ती आईच्या ओळखपत्रावर येई आणि तिच्यासाठी रांगेत उभे राहावे लागे. माझ्या पगारातून जाणारा हप्ता मात्र कोणाला ठाऊक नव्हता. भावाला वाटे की बाबांना गिरणीकडून देणी मिळाली असावीत. देणी मिळाली नव्हतीच. दुसऱ्या वर्षी तो नापास होऊन घरी बसला, तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही, आणि त्या रागाचे कारण त्याला शेवटपर्यंत कळले नाही, कारण एक वर्ष वाया गेले म्हणजे किती रुपये वाया गेले, हा आकडाच त्याच्याजवळ नव्हता. पुढे वडील गेल्यावर घराच्या वाटणीची बोलणी झाली, त्या वेळी तो सहज बोलून गेला, ‘माझं शिक्षण तर बाबांच्या पैशावर झालं.’ तो खोटे बोलत नव्हता. मी त्याला जे कळू दिले होते, तेच तो बोलत होता. मी आत जाऊन वही आणू शकले असते. आणली नाही. वीस वर्षांनंतर दाखवलेला हिशेब हा हिशेब राहत नाही, तो टोमणा होतो.

इथे तू म्हणशील, आणि तुझी आईही म्हणेल, की दिलेले बोलून दाखवू नये. माझी आई हेच म्हणायची. मी ते अक्षरशः पाळले आणि आजही त्याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण बोलून दाखवणे आणि सांगणे यांत आपण गल्लत करतो. बोलून दाखवणे हे खर्च झाल्यावर होते आणि त्यात समोरच्याला मान खाली घालावी लागते. सांगणे हे खर्चाच्या आधी होते आणि त्यात समोरच्याला ठरवता येते. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली वसतिगृह काढले, त्याची गोष्ट आपण सांगतो ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडून मुलांना जेवू घातले ही, आणि डोळे पुसतो. पण तिथली मुले स्वतः राबत असत, हा अर्धा भाग आपण घाईने उरकतो. घरात किती आहे आणि किती नाही, हे त्या मुलांपासून कोणी लपवले नव्हते. आपल्याला त्यागाची गोष्ट आवडते, जमाखर्चाची आवडत नाही.

आता तुझा जमाखर्च. तुझ्या हातात सव्वीस हजार येतात. चाकणची खोली, डबा, येणेजाणे, घरी पाठवायचे पाच हजार, हे सगळे वजा जाता तुझ्याजवळ नऊ हजार उरतात, असे तूच सांगितलेस. त्याचे वर्षाचे एक लाख आठ हजार होतात. म्हणजे तू स्वतःवर एक रुपयाही न खर्चता आणि धाकटीला एक रुपयाही न देता सगळे भावाला दिलेस, तरी त्या कागदावरची बेरीज भरत नाही. हे गणित तुला येत नव्हते, असे मला पटवू नकोस. तुला ते येत होते आणि म्हणूनच तू ‘बघू’ म्हणालीस.

आणखी एक गोष्ट तुझ्या लक्षात आली आहे का? पदवीच्या शिक्षणाला शैक्षणिक कर्ज मिळते, साडेसात लाखांपर्यंत साधारणतः तारण लागत नाही आणि परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होते. शिकवणीवर्गाच्या फीला असे कर्ज सहसा मिळत नाही. तिथे रोख लागते किंवा वैयक्तिक कर्ज, ज्याचा हप्ता पुढच्याच महिन्यापासून मागे लागतो. म्हणून घरातली रोख रक्कम नेहमी रिपीट करणाऱ्याकडे वाहते. ‘नीट’ला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि कमाल वयाची अटही नाही. सरकारने मर्यादा घातलेली नाही, तर ती घरानेच घालायची असते, आणि ती आकड्यानेच घालता येते. ‘तू आता किती वर्षे बसणार’ असे म्हटलेस तर त्याचा अपमान होईल. ‘माझ्याकडे या वर्षी तुझ्यासाठी इतके आहेत, पुढच्या वर्षी नाहीत’ असे म्हटलेस तर तो हिशेब करील. तो अठरा पूर्ण केलेला मुलगा आहे, त्याला हिशेब करू दे. घरी राहून अभ्यास करायचा, फक्त सराव परीक्षा लावायची, की आयुर्वेद किंवा दुसऱ्या शाखेचा प्रवेश घ्यायचा, हे त्याने ठरवावे. तू ठरवू नकोस. पैसे देणाऱ्याला शाखाही आपणच निवडावी असा मोह होतो आणि तो मोह मला पुरेपूर झाला होता.

धाकटीचे आधी पाहा. बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याची वेगळी सीईटी असते; ती तिने दिली आहे की नाही, हे तुला सांगता आले नाही, यावरूनच घरात तिच्याबद्दल किती बोलणे होते ते समजले. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल वर्गांतल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण फी माफ म्हणजे शिक्षण फुकट नव्हे. वसतिगृह, मेस, गणवेश, पुस्तके हे सगळे उरते आणि महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरून मिळणारी रक्कम ठरल्या दिवशी येईलच, या भरवशावर कोणतीही मेस जेवू घालत नाही. तिलाही समोर बसव आणि तिचाही आकडा सांग.

आणि तिसरा आकडा तुझा स्वतःचा. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन पदवी करण्याबद्दल सहा महिन्यांपूर्वी तू माझ्याशी तासभर बोलली होतीस. या रविवारी त्याचे अवाक्षर नव्हते. महिन्याला हजार रुपये असोत, पण त्या कागदावर तुझ्या नावाची ओळ असलीच पाहिजे आणि ती इतर दोघांना दिसली पाहिजे. न दिसणारी ओळ सर्वांत आधी खोडली जाते. माझे एम.कॉम. असेच खोडले गेले. कोणी खोडायला सांगितले नव्हते, मला त्याचे दुःखही नाही, आणि असते तरी त्याने काय होणार होते. मी छत्तीस वर्षे नोकरी केली आणि सन्मानाने निवृत्त झाले.

भावाच्या कर्जावर सहकर्जदार म्हणून सही करायची वेळ आलीच, तर ते कर्ज तुझेही आहे हे आधी घरात मोठ्याने सांग, कारण त्याने हप्ता चुकवला तर डाग तुझ्याही पतनोंदीवर पडतो. जाता जाता लेखा शाखेची एक गंमत सांगते. १९६१च्या आयकर कायद्यातल्या कलम ८०ई मध्ये शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट स्वतःसाठी, जोडीदारासाठी, मुलांसाठी किंवा आपण ज्याचे कायदेशीर पालक आहोत त्याच्यासाठी मिळत असे. भाऊ आणि बहीण त्यात नव्हते. तुझ्या पगाराला तसाही कर लागत नाही, त्यामुळे तुझे काही बिघडत नाही. पण आपण जे करतो त्याला कायद्याच्या वहीत रकानाच नाही, हे कळल्यावर मी त्या दिवशी कचेरीत एकटीच हसले होते.

माझ्या बहिणीबद्दल मी अजून लिहिले नाही, ते टाळत होते म्हणून. १९९८ साली ती बारावी झाली, तेव्हा भावाची फी चालू होती. तिला बी.फार्म. करायचे होते. पैसे नाहीत असे म्हणायची मला लाज वाटली, म्हणून मी म्हणाले, ‘ते कठीण असतं, तुझ्याच्यानं व्हायचं नाही, तू डी.एड. कर.’ तिने डी.एड. केले, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली, आज उत्तम शिकवते. पुढे राज्यात डी.एड.ची महाविद्यालये गल्लोगल्ली निघाली, भरती वर्षानुवर्षे रखडली, २०१३ मध्ये टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आली आणि कितीतरी मुली पदविका घेऊन घरी बसल्या. त्या मानाने तिचे वेळेवर आणि चांगले झाले, असे मी पुष्कळदा म्हणते. कोणी विचारलेले नसतानाही म्हणते. पण आपल्या अक्काला आपण मठ्ठ वाटतो, असे समजून ती वीस वर्षे जगली आणि हे मला तिच्या मुलीच्या बारावीच्या निकालाच्या दिवशी कळले. आपल्या खिशातला खड्डा मी तिच्या डोक्यात ढकलला होता. मी स्वतः मुलगी असून हे केले. एक आकडा सांगितला असता, तर ती रडली असती, चिडली असती, कदाचित एक वर्ष कुठे काम करून पैसे जमवीन म्हणाली असती.

हे पत्र टाकण्याआधी मी तिला फोनवर वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने विचारले, ‘अक्का, तेव्हा बी.फार्म.ला किती लागणार होते गं?’ मी वही काढली. १९९८च्या जून-जुलैची सगळी पाने पाहिली. पतपेढीचा हप्ता आहे, भावाची मेस आहे, आईच्या चष्म्याची काच आहे. तो आकडा नाही. मी तो कधी कोणाला विचारलाच नव्हता.

तू येत्या शनिवारी गावी जाणार आहेस. धाकटीने सीईटी दिली असेल तर तिचा निकाल पाहा, आणि उत्पन्नाचा दाखला व नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र यांची मुदत तपास. दाखला जुना झाला असेल तर सोमवारीच तहसीलमध्ये अर्ज कर, कारण या दिवसांत तिथे गर्दी असते. कागद सोबत ने. रात्री जेवणे झाल्यावर, आईलाही बसवून, तिघांच्या तीन ओळी वाचून दाखव.

तुझी,
मावशी