वाचकांचे प्रश्न : उसाचं जुनं बंदर, सुयाक

प्रश्न : जुलैमध्ये आई-वडिलांना घेऊन सहा दिवस मॉरिशसला जातो आहोत. सहल कंपनी दक्षिण किनारा अर्ध्या दिवसात उरकते. सुयाक हे ऊसमळ्यांचं जुनं बंदर नीट बघायला किती वेळ ठेवावा? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : पूर्ण दिवस ठेवा, आणि कंपनीच्या बसऐवजी स्वतःची टॅक्सी दिवसभरासाठी ठरवा. बस ग्री-ग्रीच्या कड्यावर फोटोपुरती थांबते आणि गाव मागेच राहतं. अठराव्या शतकातले फ्रेंच गव्हर्नर सुयाक यांच्यावरून गावाला हे नाव पडलं. फलकावर ते फ्रेंच पद्धतीने लिहिलेलं असतं, पण विचारताना ‘सुयाक’च म्हणा.

जुलै निवडलात हे उत्तम केलंत. आपल्याकडे गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तिथली तोडणी जून-जुलैत सुरू होऊन वर्षअखेरीपर्यंत चालते. म्हणजे रस्त्यावर ऊस भरलेले ट्रक भेटतील आणि काही शेतांत तुरेही दिसतील. शेतांमधल्या काळ्या दगडांच्या उंच राशींकडे मुद्दाम बघा. ही ज्वालामुखीची जमीन, त्यामुळे लागवडीआधी बेसॉल्ट वेचून काढावा लागे. आधी गुलामांनी आणि नंतर हिंदुस्थानातून करारावर आणलेल्या मजुरांनी हे दगड हातांनी उचलले. या बेटाचा इतिहास कोणत्याही वाड्यापेक्षा या राशींमध्ये जास्त दिसतो. मधूनच शेतात एकटी उभी असलेली दगडी चिमणी दिसली, की तिथे एके काळी साखर कारखाना होता असं समजा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात असे अडीचशेच्या वर कारखाने होते.

सकाळी आधी गावाच्या उत्तरेला सेंट ओबँला जा. १८१९ चं मळेवाल्यांचं लाकडी घर आहे, रुंद व्हरांड्याचं. तिथे व्हॅनिलाची माहिती देतात, ती घाईत ऐकू नका. व्हॅनिलाचं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. परागण करणारी मूळची मधमाशी मेक्सिकोतली, ती इथे नाही. म्हणून बारीक काडीने फुलातला पातळ पडदा वर उचलायचा आणि अंगठ्याने पराग स्त्रीकेसरावर दाबायचा. हे एकेका फुलाला करावं लागतं. ही युक्ती १८४१ मध्ये शेजारच्या रीयुनियन बेटावर एडमंड आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. जुलैत फुलं नसतात, वेलीला शेंगा लटकलेल्या दिसतील.

मग गावात या. नदीच्या मुखाशी जुना धक्का आहे. दक्षिणेकडच्या मळ्यांची साखर इथून गलबतांनी राजधानी पोर्ट लुईला जायची. आगगाडी आल्यावर बंदराचं काम ओसरलं, आणि १९६४ पर्यंत आगगाडीही बंद झाली. टेलफेअर बागेतल्या वडांच्या सावलीत आई-वडिलांना बसवता येईल. डबा इथेच खा.

ग्री-ग्रीला समुद्रात अजिबात उतरू नका. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाचा बांध आहे, तो लाटा बाहेरच अडवतो. इथे तो तुटलेला आहे, म्हणून लाट थेट कड्यावर आदळते आणि परतताना ओढून नेते. जवळचा ‘रडणारा खडक’ वरूनच बघा. गवत निसरडं असतं, चप्पल नको. आग्नेय वारा जोराचा असतो, त्यामुळे स्वेटर आणि कानटोपी हवीच. रॉचेस्टर धबधब्याकडे जाणारा रस्ता उसातून जातो आणि शेवटी खडबडीत आहे. ज्येष्ठांचे गुडघे दुखत असतील तर तो सोडून द्या. अंधार सहाच्या सुमारास पडतो.

प्रश्न : टॅक्सी परवडत नाही. बसने जमेल का? खाण्याचं काय, आम्ही शाकाहारी आहोत. – एक वाचक, सहकारनगर

उत्तर : जमेल. पोर्ट लुईहून मेट्रोने क्युरपीप आणि तिथून सुयाकची बस. सुटे पैसे जवळ ठेवा. मात्र ग्रामीण भागातल्या बस संध्याकाळी लवकर थांबतात, त्यामुळे चारपर्यंत परतीला लागा. सेंट ओबँ आणि धबधबा दोन्ही बसने एका दिवसात गाठायला जाऊ नका.

खायला ‘ढोल पुरी’ मागा. वाटाण्याच्या डाळीचं सारण भरलेली मऊ पोळी, आपल्या पुरणपोळीची तिखटामिठाची बहीण. दोन पोळ्यांची जोडी मिळते, त्यात पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची रस्सा-भाजी आणि चटणी. ‘गातो पिमां’ म्हणजे आपला डाळवडाच. पण तळण मासे-मांसाच्याच तेलातलं नाही ना, हे आधी विचारा.

प्रश्न : आमच्या पणजोबांचे भाऊ कोकणातून ‘मोरिशसला’ गेले, असं घरात सांगतात. माग लागेल का? – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : लागू शकतो, कारण मुंबई बंदरातूनही मजूर गेले होते. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत स्थलांतरितांच्या नोंदी जपल्या आहेत. प्रत्येकाला क्रमांक असे आणि त्यासमोर नाव, वडिलांचं नाव, गाव, जहाज असा तपशील. थेट जाऊन दार ठोठावू नका, आधी पत्राने परवानगी मागा. सोबत गावाचं नाव, तालुका, अंदाजे वर्ष आणि वडिलांचं नाव पाठवा. इंग्रज कारकुनांनी कानावर पडेल तसं लिहिलं, त्यामुळे आडनावाचे चार-पाच उच्चार कागदावर मांडून द्या. आडनाव नोंदलंच नसेल अशीही शक्यता धरा.

पोर्ट लुईला आप्रवासी घाट, म्हणजे करारावरच्या मजुरांना उतरवून घेण्याचं जुनं ठाणं, जरूर बघा. १८४९ पासून तिथे उतरलेल्यांनी चढलेल्या सोळा पायऱ्या शाबूत आहेत. रविवार टाळा.