रान विकू नका, आधी प्रवेश कुठल्या दारानं घेताय ते बघा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळलं ते असं: भुदरगड तालुक्यात दोन एकर ऊस. मुलाला कॅप राउंडमध्ये (सरकारच्या मेरिटच्या केंद्रीय प्रवेश फेरीत) कोल्हापुरातल्या खाजगी कॉलेजात ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) मिळालंय, वर्षाची फी १ लाख २० हजार. पुण्यातलं एक कॉलेज मॅनेजमेंट कोट्यातून (कॉलेज स्वतः भरतं त्या जागांतून) कॉम्प्युटर द्यायला तयार आहे, तिथं फी २ लाख ४० हजार आणि राहण्या-जेवणाचे वर्षाला सव्वा लाखभर. त्यासाठी १२ लाखांचं कर्ज मागितलं तर शाखेत तारण विचारलं. म्हणून रस्त्याकडंचं वीस गुंठं विकायचं घरात चाललंय. धाकटी अकरावीला आहे. विकू की कर्ज काढू, असं विचारलंय.

रानही विकू नका आणि १२ लाखही काढू नका. कोल्हापूरची सीट पक्की करा आणि तीन लाखांच्या आतलं कर्ज काढा. मुलगा चार दिवस तोंड पाडून बसेल, बसू दे. का म्हणतोय ते सांगतो, आणि त्यासाठी आधी माझंच उदाहरण देतो. मी हे भोगलंय.

मी २०१० ला इंजिनिअरिंगला गेलो. वर्षाला ८० हजार असं चार वर्षांत ३ लाख २० हजार कर्ज उचललं, व्याज १२ टक्के. घरात कुणी बँकेचं तोंड बघितलेलं नव्हतं. वडिलांना 'नोकरी लागल्यावर फेडायचं' एवढंच कळलं होतं आणि मलाही. शिकत असतानाही व्याजाचा मीटर चालूच असतो हे कुणी सांगितलं नाही. २०१४ ला शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत लागलो, पगार साडेअकरा हजार. सहा महिन्यांनी हप्ता सुरू व्हायचा म्हणून शाखेत गेलो, पासबुक भरून घेतलं आणि तिथंच बाकड्यावर बसलो. ३ लाख २० हजाराचे ४ लाख ३५ हजार झाले होते. हप्ता ७ हजार ७०० च्या आसपास. खोली, डबा, पेट्रोल धरलं तर हिशेब पहिल्याच महिन्यात फाटत होता. वडिलांनी दोन वर्षं ऊसबिलातून भर घातली, तरी मध्ये तीन हप्ते थकले आणि खातं एनपीएत (थकीत कर्जात) गेलं. सिबिलवरचा (कर्जफेडीच्या नोंदीवरचा) तो डाग पुढं घराच्या कर्जाला आडवा आला.

पण खरी चुटपुट वेगळीच आहे. माझ्याबरोबर शिकलेल्या एका मित्राचं कर्ज तेवढंच, गावही आमच्यासारखंच, आणि त्याच्या खात्यावर नोकरी लागली तेव्हा ३ लाख २० हजारच. व्याज शून्य. २००९ पासून केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना चालू आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, अभ्यासक्रम व्यावसायिक किंवा तांत्रिक असेल, तर शिकत असतानाचं आणि त्यानंतरच्या एका वर्षाचं सगळं व्याज सरकार भरतं. त्याच्या शाखेनं तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागून घेतला होता. आमच्या शाखेत वडिलांनी विचारलं तर काउंटरवरचा म्हणाला, 'ते तुमच्यासाठी नाही.' वडील परत आले. एका दाखल्यापायी १ लाख १५ हजार गेले. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी गावातल्या पोरांचे फॉर्म भरत बसतो, त्यातून जे कळलंय ते इथं लिहितोय.

आता तुमचं. कर्जाचा आकडा बँकेत जायच्या आधीच ठरून जातो, तुम्ही प्रवेश कुठल्या दारानं घेता त्यावर. कॅपमधून गेलात आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं, तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची जी शिष्यवृत्ती आहे (आपल्याकडं सगळे ईबीसीच म्हणतात), तिच्यातून मुलाची निम्मी ट्यूशन फी सुटते. मॅनेजमेंट कोट्याला ती नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजनासुद्धा कोट्यातल्या प्रवेशाला नाही. ती एरवीही सरकारच्या यादीतल्या संस्थांपुरतीच आहे (सुरुवातीला ८६० होत्या). तुमचं कॉलेज त्यात दिसलं तर विनाजामीन, विनातारण कर्ज मिळतं, तेवढं त्या योजनेच्या पोर्टलवर बघून घ्या.

हिशेब मांडू. कोल्हापूरच्या १ लाख २० हजारात ट्यूशन फी १ लाख ५ हजार आणि बाकी डेव्हलपमेंट फी धरली, तर ५२ हजार ५०० सरकार भरणार, तुमच्याकडं राहिले वर्षाला ६७ हजार ५००. चार वर्षांचे २ लाख ७० हजार. पुण्याची फी आणि राहणं-जेवण मिळून चौदा लाखांच्या वर. तुम्ही १२ लाखांचं कर्ज धरलंय, म्हणजे वर्षाला तीन.

व्याज १० टक्के धरा. शिकताना आणि नंतर वर्षभर हप्ता नसतो, त्या काळात सरळ व्याज लागतं. पहिल्या वर्षीच्या तीन लाखांना पाच वर्षं, दुसऱ्याला चार, मग तीन, मग दोन. झाले ४ लाख २० हजार. पोरगा पहिला हप्ता भरायला बसेल तेव्हा कर्ज १६ लाख २० हजार असेल. दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला साधारण २१ हजार ४००. बँक म्हणेल पंधरा वर्षं घ्या, हप्ता १७ हजार ४०० वर येईल. येईल की, पण एकूण भरणा पावणेसव्वीस लाखांच्या जागी सव्वाएकतीस लाखांवर जातो. फ्रेशर पोराला कॅम्पसला किती मिळतं ते पुण्यातल्याच चार पोरांना विचारा. कॉलेजच्या बॅनरवरचा आकडा धरू नका, तो एका पोराचा असतो.

आता कोल्हापूरचं. २ लाख ७० हजार, आणि तुमचा दाखला साडेचार लाखांच्या आतला निघाला (दोन एकरावर निघायलाच पाहिजे), तर त्या पाच वर्षांचं व्याज तुमच्यावर येत नाही. मात्र कॉलेजला नॅक किंवा कोर्सला एनबीए मानांकन (दोन्ही दर्जा तपासणीची) आहे का ते आधी बघा, त्याशिवाय ही सवलत मिळत नाही. सात वर्षांची मुदत घेतली तर हप्ता साडेचार हजाराच्या आत. हा हप्ता फाउंड्रीतल्या पगारातूनही जातो. माझ्यावरून सांगतो.

ईएनटीसी म्हणजे कॉम्प्युटर नव्हे, हे पोराचं म्हणणं मला कळतं. पण सॉफ्टवेअर कंपन्या ईएनटीसीची पोरं घेतात, कोडिंग स्वतः शिकता येतं, आणि पुढचे राउंड शिल्लक असतील तर बेटरमेंटला (वरची पसंती मिळाली तर बदलून घ्यायला) नाव ठेवता येतं. शाखेच्या नावासाठी नऊ लाखांचा फरक मला तरी पटत नाही.

तारणाबद्दल. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण नाही, जामीनदार नाही, तुमच्या पदरचा हिस्साही नाही. साडेसात लाखांच्या वर गेलात की तारण. आणि तारण म्हणून रान दाखवलं तरी बँक नाक मुरडते, कारण थकलं तर ज्या सरफेसी कायद्यानं बँक मालमत्ता ताब्यात घेते तो शेतजमिनीला लागू नाही. त्यांना एनए (बिगरशेती) प्लॉट किंवा कागद स्वच्छ असलेलं घर लागतं. गावठाणातल्या आपल्या घरांचा ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा असतो, प्रॉपर्टी कार्ड बऱ्याच वेळा नसतं. म्हणून मग माणूस 'विकूनच टाकू' इथवर येतो. तुमचंही तसंच झालेलं दिसतंय. पण आकडा चारच्या आत ठेवला की हा सगळा विषयच येत नाही.

वीस गुंठ्याचं एवढंच सांगतो. एकरी चाळीस टन धरला तर तिथं वीस टन ऊस निघतो, त्याचं बिल तुम्हाला तोंडपाठ असेल. तुमची खरी अडचण पैसा नसण्यापेक्षा पैसा वेळेवर नसण्याची आहे. फी ऑगस्टला, बिल डिसेंबर-जानेवारीच्या पुढं. कर्ज त्या मधल्या सहा महिन्यांसाठी वापरा. बँक फी थेट कॉलेजच्या खात्यावर भरते. जानेवारीत बिल आलं की पंधरा-वीस हजार त्या कर्जखात्यावर टाका. मुदतीआधी भरलं म्हणून दंड लागत नाही. अनुदान मिळालं नाही तर निदान दरमहा व्याज तरी भरत राहा: पहिल्या वर्षी ६७ हजार ५०० वर महिन्याला ५६२ रुपये होतात. मोबाईलच्या रिचार्जचे पैसे आहेत हे. पुष्कळ बँका असं नियमित व्याज भरणाऱ्याला दरात एक टक्का सूटही देतात, शाखेत विचारा.

शाखेत काय होईल तेही सांगतो. 'तुमचं गाव आमच्या एरियात येत नाही' म्हणतील. ह्या कारणावरून शैक्षणिक कर्ज नाकारू नका असं रिझर्व्ह बँकेनं २०१२ लाच बँकांना कळवलंय. तोंडी 'नाही' ऐकून उठू नका, अर्ज द्या, पोच घ्या, नकार लेखी मागा. नुसतं 'लेखी द्या' म्हटल्यावर आवाज बदलतो, हा माझा अनुभव आहे. तरी नाही जमलं तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडं जा, कोल्हापूरला ती बँक ऑफ इंडिया आहे. त्याच्याही पुढं रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. कर्जाबरोबर एखादी विमा पॉलिसी गळ्यात मारायला बघतील. पोराचा साधा मुदत विमा असेल तर ठीक, पण 'दहा वर्षांनी पैसे परत' वाली असली तर हात जोडा. आणि तुम्ही सहकर्जदार, म्हणजे तुमचंही सिबिल बघणार. सोसायटीचं पीक कर्ज ३० जूनच्या आत भरलंय ना?

राहण्याचं मी हिशेबात धरलं नाही, कारण ते तुम्ही हाताखालून भागवू शकता. दसरा चौकात फिरून या एकदा. शाहू महाराजांनी १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकामागून एक बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातलं पोर फीपेक्षा राहण्या-जेवणानं मोडतं, हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आजही बोर्डिंगची खोली आणि बाहेरची कॉट बेसिस खोली यांच्या भाड्यात चांगलाच फरक असतो. जागा कमी आणि अर्ज जास्त, तेव्हा प्रवेश पक्का झाला त्याच दिवशी अर्ज टाका. शिवाय शिकणाऱ्या पोरांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांच्या पोर्टलवर) आहे, ईबीसीच्या फॉर्मबरोबरच भरता येतो. महाडीबीटीचा फॉर्म दरवर्षी रिन्यू करायला लागतो. दुसऱ्या वर्षी पोरं विसरतात आणि बाप कॉलेजला शिव्या घालतो. आधार बँकेशी जोडलेलं ठेवा.

कॉलेज 'आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ' म्हणेल. थेट भांडू नका, ईबीसीच्या पात्रतेचे कागद पुढं ठेवून उरलेली फीच भरतो असं लेखी द्या. त्या कॉलेजची मंजूर फी किती ते शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते, त्यापेक्षा जास्त मागत असतील तर तिथंच कळेल. पुण्याच्या माणसानं फीशिवाय काही 'वेगळं' सांगितलं असेल तर पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. कॅपिटेशन फीला (प्रवेशासाठी मागितलेल्या वरच्या पैशाला) राज्यात १९८७ च्या कायद्यानं बंदी आहे.

धाकटीचा तुम्ही शेवटी एका ओळीत उल्लेख केलाय, 'तिच्यासाठी पण ठेवायला पाहिजे' म्हणून. उलट तिच्याकडून तुम्हाला घोर कमी आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. तिथंही अट तीच, प्रवेश कॅपमधून. डेव्हलपमेंट फी आणि जेवणखाण तेवढं बघायला लागेल. तिला बारावीत मार्क काढायला मोकळं ठेवा, दोन वर्षं म्हशीच्या धारा तिला काढायला लावू नका.

पोरगा कमवायला लागला की भरलेल्या व्याजावर आयकरात वजावट आहे, आठ वर्षं, पण फक्त जुन्या करप्रणालीत. ते तेव्हाचं तेव्हा.

उद्या सकाळी तलाठ्याकडं जाऊन (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे) उत्पन्नाचा अहवाल घ्या आणि सेतूतून तहसीलदारांच्या दाखल्याचा अर्ज टाका. प्रवेशाच्या दिवसांत तिथं रांग असते, आठ-पंधरा दिवस सहज जातात. दाखल्यावर नाव आधारप्रमाणेच आहे ना ते तिथल्या तिथं बघा. 'पांडुरंग'चं 'पांडूरंग' झालं म्हणून माझ्या गावातल्या एकाचा फॉर्म दोन महिने अडकला होता. दाखला हातात आला की आकडा इथं टाका, बँकेचा अर्ज कसा भरायचा ते पुढं बघू.