कानाला भोक, नाकाचं हाड वाकडं, आधी ऑपरेशन कशाचं?

प्रश्न : डॉक्टर, माझ्या मिस्टरांचा (वय ४२) उजवा कान बरीच वर्षं अधूनमधून वाहतो आणि सर्दी तर कायमचीच. आता तपासणीत कानाच्या पडद्याला भोक आणि नाकाचं हाड वाकडं असं दोन्ही निघालंय. एक डॉक्टर म्हणतात आधी नाकाचं करा, दुसरे म्हणतात कानाचं. दोन्ही दोष सारखेच सिरीयस का?

उत्तर : नाही ताई, सारखे अजिबात नाहीत. नाकाचं हाड थोडंफार वाकडं बहुतेक मोठ्या माणसांचं असतंच, आणि त्यातल्या कित्येकांना सायनसचा काडीचाही त्रास नसतो. जुना सायनस, म्हणजे १२ आठवड्यांच्या वर चाललेला, हा मुळात आतल्या अस्तराच्या सुजेचा आजार, त्यामुळे आधी मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि स्टिरॉइडचा स्प्रे नेमाने काही आठवडे, त्याने भागलं नाही तर सीटी स्कॅन आणि मग ऑपरेशनचं बोलायचं.

कानात मात्र भोक केवढं यापेक्षा ते कुठे आहे ते जास्त महत्त्वाचं. मधोमध असेल आणि सर्दी झाली की बिनवासाचं चिकट पाणी भरपूर येत असेल तर सहसा घाई नसते. पण पडद्याच्या वरच्या भागात किंवा अगदी कडेला असेल, पाणी थोडंसंच पण घाण वासाचं, तर आत कोलेस्टिएटोमा असू शकतो, ही कातडीची गाठ आजूबाजूचं हाड खात जाते, ऐकण्याच्या तीन हाडांपैकी मधलं ऐरण बऱ्याचदा पहिलं जातं आणि पुढे चेहऱ्याची नस, तोल, अगदी मेंदूपर्यंत इन्फेक्शन पोचतं. असं असेल तर नाकासाठी कान थांबवून ठेवणं मला पटत नाही, कानाचंच आधी करा.

भोक मधोमध असेल तर नाकवाल्या डॉक्टरांचंही बरोबर आहे. नाकाच्या मागून कानात साडेतीन सेंटीमीटरची एक नळी जाते, सर्दीने ती चोंदली की कानात हवा खेळत नाही आणि नवा बसवलेला पडदाही टिकेल याची खात्री राहत नाही, म्हणून आधी नाक ताळ्यावर आणायचं. दोन्ही डॉक्टरांना एवढंच विचारा, भोक नेमकं कुठेय आणि मायक्रोस्कोपखाली कान बघितला का? ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणीही करून घ्या.

तोवर आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस कानात घालायचा, आणि लसणाचं तेल वगैरे कृपया काहीही नको. तोंड वाकडं झालं, गरगरायला लागलं, कानामागे सूज आली किंवा तापासोबत डोकं जोरात दुखलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, अपॉइंटमेंटची वाट बघू नका.