'टायटॅनिक'ची ऑडिशन: ट्रॅक, पट्टी आणि ते ऑफिस

तुमची पोस्ट वाचली आणि माझंच जुनं दुखणं वर आलं. लहानपणापासून नाट्यसंगीत, स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचता येत नाही, अमेरिकेत येऊन फार दिवस झाले नाहीत आणि गावातल्या हौशी थिएटरने 'टायटॅनिक' म्युझिकलची ऑडिशन लावली आहे. १६ बार (गाण्याचे तालात मोजलेले १६ तुकडे) कशाचे गायचे, मोबाइलवर ट्रॅक (साथीचं रेकॉर्डिंग) लावला तर चालेल का, आणि १९१२च्या गोष्टीत आपला सावळा चेहरा घेतील का, असं तुम्ही विचारलंय. गाणं पाठ हवं, वेळेवर जा वगैरे सांगत बसत नाही.

ट्रॅकचं आधी, कारण माझी भूमिका त्याच पायी गेली. जाहिरातीत काहीच स्पष्ट नव्हतं म्हणून मी थिएटरच्या ऑफिसला मेल केला. उत्तर आलं, 'सगळी माहिती जाहिरातीत आहे.' मग फोन केला. ज्या बाई बोलल्या त्या म्हणाल्या, 'हो हो, ट्रॅक आणा, काही हरकत नाही.' ऑडिशनच्या दिवशी दारातल्या टेबलावरचा मुलगा म्हणतो, ट्रॅक चालत नाही, आत पियानोवादक आहेत, त्यांना शीट म्युझिक (स्वरलिपीत छापलेलं गाणं) द्या. माझ्या हातात नुसते शब्द लिहिलेला कागद! साथीशिवाय गायले. सुरात गायले, पण पियानोबरोबर मी कशी गाते हे त्यांना बघायचं होतं आणि नेमकं तेच बघायला मिळालं नाही. मला नाटकातल्या केट नावाच्या तिघी आयरिश मुलींपैकी एक करायची होती. कॉलबॅकच्या (निवडीच्या दुसऱ्या फेरीच्या) यादीत नावच नव्हतं, नंतर कोरसमध्ये घेतलं. तक्रारीच्या मेलला उत्तर काय, तर 'आम्ही सगळे स्वयंसेवक आहोत.' अहो, मग आम्ही काय पगारी आहोत? माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायला काय पैसे पडतात? असो.

तेव्हा ऑफिसच्या नादी लागू नका. जाहिरातीत संगीत दिग्दर्शकाचं नाव असतं, त्यांनाच लेखी विचारा आणि उत्तर मोबाइलमध्ये जपून ठेवा. काहीही उत्तर आलं तरी पियानोची छापील प्रत सोबत न्याच, तीही तुमच्या पट्टीतली. ऑनलाइन विकत घेताना बऱ्याच गाण्यांची पट्टी बदलून मिळते. आपला पेटीवाला 'काळी चार' म्हटलं की तिथल्या तिथे सरकतो. इथे ती अपेक्षा ठेवू नका. कुठून कुठपर्यंत गाणार ते पेन्सिलने ठळक दाखवा. १६ बार म्हणजे जेमतेम अर्धा मिनिट, त्यामुळे थेट चढाची ओळ घ्या. लय सांगताना दोन ओळी गुणगुणा, वादकाच्या तोंडासमोर चुटक्या वाजवू नका.

नाट्यपद गाऊ नका, असं माझं मत (इतरांचं वेगळं असेल, आणि मी एकाच थिएटरच्या अनुभवावर बोलतेय). मराठी आहे म्हणून नव्हे. हरकती-मुरक्यांत सरळ, स्थिर स्वर झाकला जातो आणि त्यांना तोच ऐकायचा असतो. १९४०-५०च्या दशकातलं एखादं ब्रॉडवे गाणं बसवा. 'टायटॅनिक' सिनेमातलं ते प्रसिद्ध गाणं तर नकोच! हे म्युझिकल १९९७च्या एप्रिलमध्ये ब्रॉडवेवर आलं, सिनेमा त्या वर्षीच्या डिसेंबरात. दोन्ही स्वतंत्र कामं आहेत.

मॉरी येस्टनच्या या संगीतात खरी मदार कोरसवर आहे. कॅप्टन स्मिथ, आरेखक अँड्र्यूज, भट्टीवरचा बॅरेट, वायरलेसवाला ब्राइड, वृद्ध स्ट्रॉस दांपत्य, सगळ्यांच्या वाट्याला थोडं थोडं, आणि बाकीचा डोलारा समूहगायनावर. शिवाय एकेक नट दोन-तीन माणसं करतो. आपल्याकडच्या तालमीतल्या बायकांचा आवाज खालच्या पट्टीतला, म्हणून बहुधा अल्टोत (कोरसमधल्या बायकांच्या खालच्या आवाजाच्या गटात) टाकतात. तिथे मूळ चाल तुमच्याकडे नसतेच. शेजारची बाई ती चाल गात असताना तुम्ही आपली वेगळी ओळ धरून ठेवायची. आपलं सगळं शिक्षण एकाच स्वररेषेचं, त्यामुळे कान हमखास चालीकडे ओढला जातो. घरी मूळ चाल पेटीवर मोठ्याने वाजवायला कुणाला तरी बसवा आणि त्यावर आपली ओळ गा. कॉलबॅकला बऱ्याचदा हेच तपासतात.

चेहऱ्याचं म्हणाल तर, खऱ्या टायटॅनिकवर दुसऱ्या वर्गात हैतीचा कृष्णवर्णीय इंजिनिअर जोसेफ लारोश होता, तिसऱ्या वर्गात आठ चिनी खलाशी होते. आताच्या छत्तीसगडमधल्या जांजगीरला शाळा चालवणारी अमेरिकन मिशनरी ॲनी फंक तर मुंबईहून बोटीने निघाली होती. इंग्लंडमध्ये कोळसा संपामुळे तिची ठरलेली बोट सुटली नाही, म्हणून ती टायटॅनिकवर आली आणि बुडाली. शिवाय हौशी थिएटरला माणसं कमी पडतातच, विशेषतः पुरुष. नवऱ्याला सूर असेल तर त्यालाही न्या.

फॉर्मवर 'कोणत्या तारखांना येऊ शकणार नाही' असा रकाना असतो. तिथे मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम आधीच लिहा. प्रयोगाआधीच्या आठवड्यात, लाइट-साउंडच्या तालमींना मात्र कुणालाच सुट्टी मिळत नाही.

आणि हो, पहिल्या वर्गाच्या प्रवाशांचा एक रॅग नाच (त्या काळच्या रॅगटाइम संगीतावरचा) आहे, त्याच्या स्टेप्स ऑडिशनच्याच दिवशी करून घेऊ शकतात. सपाट तळाचे, पायातून न निसटणारे बूट घाला.