शेवटच्या सात गोळ्या

प्रश्न : गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटातल्या शेवटच्या सात गोळ्यांत औषधच नसतं, असं मैत्रीण म्हणाली. मग त्या घ्यायच्या कशाला?

उत्तर : मैत्रीण बरोबर सांगते. २८ गोळ्यांच्या नेहमीच्या पाकिटात २१ गोळ्यांत हॉर्मोन असतात, उरलेल्या सात रिकाम्या. कधी त्यांत लोह घातलेलं असतं. त्या दिवसांतला रक्तस्राव ही खरी पाळी नव्हे. हॉर्मोन थांबले की गर्भाशयाचं अस्तर गळतं, एवढंच. शिकत असताना हे कळलं तेव्हा मला रागच आला होता. ‘पाळी आली, म्हणजे सगळं ठीक’ असं धरून चालणाऱ्या बायकांना आम्ही हे कधी सांगतच नव्हतो!

हॉर्मोनांचा हा सात दिवसांचा खंड गोळी विकसित करणाऱ्या अमेरिकेतल्या ग्रेगरी पिंकस आणि डॉ. जॉन रॉक यांनी ठरवला. रॉक श्रद्धाळू कॅथलिक. दर महिन्याला रक्तस्राव झाला, तर गोळी निसर्गक्रमाला धरून आहे असं चर्चला पटेल, ही त्यांची आशा. १९६८मध्ये पोपनी ती फेटाळली, पण खंड राहिला. अमेरिकेत ही गोळी १९५७मध्ये पाळीच्या तक्रारींवरचं औषध म्हणून मंजूर झाली, गर्भनिरोधक म्हणून १९६०मध्ये. अविवाहित स्त्रियांचा गर्भनिरोधक वापरण्याचा हक्क तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केला तो थेट १९७२ साली. इतकी वर्षं!

रिकाम्या गोळ्यांचा उपयोग रोजची सवय न मोडण्यापुरता. चुकल्या तरी बिघडत नाही. नवं पाकीट मात्र ठरल्या दिवशीच सुरू करा. खंड सात दिवसांपेक्षा लांबला, तर गर्भ राहू शकतो. खंड न घेता गोळ्या चालू ठेवायच्या असतील तर तुमच्या डॉक्टरांना विचारा. अनेकींना ते चालतं.