परकर-पोलक्याला खण किती मीटर?

प्रश्न : अक्का, माझ्या आठ वर्षांच्या मुलीला दिवाळीला खणाचं परकर-पोलकं शिवायचं आहे. बेळगावला खडेबाजारात चौकशी केली, तर एका दुकानात तीन मीटर सांगितलं, दुसऱ्यात चार. शेजारच्या काकू म्हणतात, अडीचात भागतं. मशीन घरी आहे, साधं शिवण येतं. कापड कमी पडलं म्हणून परत बेळगाव गाठणं जमणार नाही. किती घेऊ? आणि अस्तर?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : तिघांचेही आकडे बरोबर असू शकतात. फक्त कुणी तुम्हाला पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारला नाही आणि घेर किती हवा तेही विचारलं नाही. या दोन गोष्टी ठरल्याशिवाय मीटर सांगता येत नाहीत.

खणाला दोन्ही बाजूंनी काठ असतो आणि परकराला तो खाली पायाशी यायला हवा. म्हणजे कापड आडवं धरायचं. मग परकराची उंची पन्ह्यातून निघते आणि घेर मीटरमधून. साध्या कापडाच्या हिशेबाने उंचीला मीटर मोजायला गेलात, तर सगळं गणित चुकतं.

आता मुलीला उभी करून कमरेपासून घोट्यापर्यंत टेप लावा. समजा २९ इंच भरले. नेफ्याला, म्हणजे नाडी ओवायच्या दुमडीला, दीड इंच. अंग वाढतं आहे, म्हणून दीड इंचाची एक आडवी दुमड घालून टीप मारा. ती तीन इंच कापड खाते, पण पुढच्या वर्षी उसवली की परकर तेवढा लांब होतो. ही टीप टाळू नका, खण काही दर वर्षी घेतला जात नाही. असे झाले साडेतेहतीस, चौतीस धरा. घेराला अडीच मीटर भरपूर. दुकानदार तीन-साडेतीन मीटर घेर सुचवतील, पण अस्तर धरून तेवढं ओझं घेऊन आठ वर्षांचं पोर दिवसभर हिंडू शकत नाही. काकूंचं अडीच मीटर म्हणजे बहुधा दोन मीटर घेर आणि अर्ध्या मीटरचं पोलकं. चुण्या कमी पडतील, इतकंच.

यंत्रमागाचा खण ४४ इंच पन्ह्याचा मिळाला, तर परकर कापून वर दहा इंचांची पट्टी उरते, तीही काठासकट. काठाच्या बाह्या त्यातूनच काढा. पोलक्याचा पुढचा आणि मागचा भाग, छाती २५ इंच असेल तर, माया (शिवणीत जाणारं जास्तीचं कापड) धरून सोळा-सोळा इंच रुंद होतात आणि ४४ मध्ये शेजारी-शेजारी बसतात. त्याला ४५ सेंटीमीटर पुरे. एकूण तीन मीटर.

३६ पन्हा असेल तर वरची पट्टी उरत नाही. बाह्यांसाठी तीस सेंटीमीटर जास्त घ्या. दोन्ही काठांकडून एकेक बाही निघते. सव्वातीन मीटर.

गुळेदगुड्डचा हातमागाचा खण घ्यायची इच्छा असेल, तर जरूर घ्या, त्याची झळाळी वेगळीच. पण तो पन्ह्याला अरुंद, ३० ते ३२ इंचांच्या आसपास. चौतीस इंच त्यात मावणार नाहीत. अशा वेळी वर, नेफ्याकडे, चार इंचांची सुती पट्टी जोडा. पोलक्याखाली ती झाकते, आणि नाडीही सुती नेफ्यात कमी काचते. पोलक्याचे दोन भागही शेजारी बसत नाहीत, एकाखाली एक घ्यावे लागतात. त्यांच्या बाजूला उरलेल्या जागेत बाह्या बसवा. म्हणून साडेतीन मीटर. दुकानात सलग कापडच मागा, ओटीसाठी कापून ठेवलेले सुटे खण नकोत.

पैसे देण्याआधी तिथेच टेप काढून काठापासून काठापर्यंत पन्हा मोजा. रथाची किंवा वृंदावनाची मोठी बुट्टी असेल, तर कापड आडवं धरून बघा, परकरावर ती आडवी पडेल. बारीक बुट्टीला काही वाटत नाही. कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल घासून रंगही तपासा.

अस्तर ३६ पन्ह्याचं सुती, सव्वादोन मीटर. परकराला दोन पाट (पन्हाभर रुंद तुकडे) उभे, पोलक्याला चाळीस सेंटीमीटर, आणि उरलेलं आटण्यासाठी. सुती कापड शंभराला तीन ते पाच सहज आटतं. म्हणून अस्तर रात्रभर भिजवा, वाळवून इस्त्री करा आणि मगच बेता. कोरं अस्तर लावलं तर पहिल्या धुण्यात ते आत ओढतं आणि वरचा खण फुगून सुरकुततो. मग तो काही केल्या सरळ होत नाही.

तरीही धाकधूक वाटत असेल, तर घरच्या फरशीवर खडूने पन्ह्याएवढ्या अंतरावर दोन रेघा मारा. वर्तमानपत्राचे भाग कापून त्यांत मांडा. ज्या बाजूला काठ हवा, ती बाजू रेघेला लावा. लांबी मोजून वर दहा सेंटीमीटर धरा, कारण दुकानात टोक तिरकं कापलेलं असू शकतं.

प्रश्न : माझ्या आणि मैत्रिणीच्या कुर्त्याचं माप एकच. तिला पावणेदोन मीटर लागलं, मला शिंप्याने अडीच आणायला सांगितलं. असं का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : तिचं कापड ५८ पन्ह्याचं असणार. सीट (नितंबाचा घेर) ४० इंच आणि उंची ४२ धरली, तर पुढचा-मागचा भाग चोवीस-चोवीस इंच होतो. ५८ मध्ये दोन्ही शेजारी बसतात, म्हणून एकच उंची आणि वर बाह्या लागतात. ४४ मध्ये एकच भाग बसतो, दोन उंची घ्याव्या लागतात. बाह्या मात्र कडेला निघतात, म्हणून अडीच. ३६ मध्ये बाह्याही वेगळ्या, पावणेतीन. चौकडा असेल, तर रेघा जुळवायला प्रत्येक उंचीमागे एक चौकट जास्त धरा. तुमच्या शिंप्याने सांगितलंय तेवढंच घ्या.