सिनेमातला फादर खुन्याला पोलिसांच्या ताब्यात देतो, हे खरं आहे का?

तुमचा प्रश्न: सिनेमात खुनी फादरला सगळं सांगतो, फादर ‘देव तुला माफ करेल, माय सन’ म्हणतो आणि मग पोलिसांना फोन करतो. असं होऊ शकतं का? कॅथोलिकांबद्दल सिनेमात आणखी काय चुकतं?

फोनचं आधी सांगतो. पापनिवेदनात, म्हणजे फादरपाशी आपली पापं कबूल करायच्या संस्कारात (वसई-गोव्याकडे कुमसार म्हणतात), ऐकलेलं फादरला कुणालाही सांगता येत नाही. पोलीस, कोर्ट, बिशप, कुणालाच नाही. कॅथोलिक चर्चच्या कायद्यात कलम 983 आणि 1386 त्यासाठीच आहेत. जाणूनबुजून थेट गुपित फोडलं की फादर त्या क्षणी आपोआप चर्चमधून बहिष्कृत होतो आणि ती शिक्षा उठवायचा अधिकार रोमकडे असतो. नुसतं तोंड बंद ठेवूनही भागत नाही. ऐकलेल्या माहितीचा वापर करून त्या माणसाचं नुकसानही करता येत नाही. समजा चर्चच्या शिपायाने कुमसारात सांगितलं, ‘दानपेटीतले पैसे मी काढतो’. तर तेवढ्यावरून फादर त्याला कामावरून काढू शकत नाही.

‘देव तुला माफ करेल’ हे वाक्य तर पटकथाकारांचं लाडकं. खऱ्या पापनिवेदनात भविष्यकाळ नसतो. माणूस क्रूसाची खूण करतो, मागचं पापनिवेदन कधी केलं ते सांगतो, मग पापं सांगतो. गंभीर पापं कोणती आणि किती वेळा, तेही. फादर दोन शब्द बोलतो, प्रायश्चित्त देतो (बहुतेकदा काही वेळा ‘नमो मारिया’ ही प्रार्थना किंवा एखादं सत्कृत्य), माणूस पश्चात्तापाची प्रार्थना म्हणतो आणि मग फादर पापमुक्तीचा मंत्र म्हणतो: ‘...पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला पापमुक्त करतो.’ तो मंत्रच झाला नाही तर संस्कारच झाला नाही. आणि पश्चात्ताप नसेल तर फादर तो म्हणत नाही. ‘उद्या दुसऱ्यालाही उडवणार’ म्हणणाऱ्याला पापमुक्ती मिळत नाही, पण त्याचं गुपित मात्र तसंच बंद राहतं. खरं नाट्य इथे आहे, आणि नेमकं तेच सिनेमात दिसत नाही.

बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा संस्कार) न झालेला हिरो पापनिवेदनाच्या पेटीत जाऊन बसला तर ते पापनिवेदन ठरत नाही. फादर ऐकून घेईल, धीर देईल, पण संस्कार नाही.

‘निष्कलंक गर्भसंभव’ हा शब्द आला की संवाद हमखास घसरतो. पात्रं तो येशूच्या कुमारीजन्मासाठी वापरतात. तो आहे येशूची आई मरिया हिच्याबद्दल: स्वतःच्या आईच्या पोटी येतानाच ती आदिपापापासून (आदाम-हव्वेपासून प्रत्येक माणसाकडे जन्मतः येणारं पाप) मुक्त होती. 1854 मध्ये पोप पायस नववे यांनी हा सिद्धांत जाहीर केला. सण 8 डिसेंबरला. पणजीच्या मोठ्या पायऱ्यांच्या चर्चचं फेस्त (वार्षिक सण) तेच. त्यानंतर बरोबर नऊ महिन्यांनी, 8 सप्टेंबरला, मरियेचा जन्मदिन, म्हणजे बांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेचा सण. येशूचा हिशेब वेगळा: गर्भसंभव 25 मार्चला, जन्म 25 डिसेंबरला.

मरणाच्या दृश्यात फादर प्रेतावर तेल लावताना दिसतो. हा संस्कार आजाऱ्याचा, जिवंत माणसाचा. कपाळाला आणि तळहातांना बिशपने आशीर्वादित केलेलं तेल लावतात, आणि त्यानंतर माणूस बरा होऊन घरी गेला तरी काही बिघडत नाही. मेलेल्यासाठी फक्त प्रार्थना.

आता लग्न. ‘कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला’ हे वाक्य कॅथोलिक विधीत नाही. ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, प्रार्थनापुस्तकातून आलंय. ‘मी तुम्हाला पती-पत्नी घोषित करतो’ हेही नाही. रोमन कॅथोलिक शिकवणीनुसार वधू-वर स्वतःच एकमेकांना हा संस्कार देतात, फादर दोन साक्षीदारांसमोर त्यांची संमती विचारतो आणि स्वीकारतो. हरकतींची चौकशी आधीच उरकलेली असते. बाप्तिस्म्याचा दाखला सहसा सहा महिन्यांच्या आतला मागतात, कारण आधीचं लग्न झालं असेल तर त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात असते आणि जुन्या दाखल्यावर ती दिसणार नाही. शिवाय बऱ्याच पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतला समाज) दोघांची नावं आधीच्या तीन रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, जाहीर होतात. हिरोला लग्न थांबवायचंच असेल, तर धावत वेदीपाशी येण्याऐवजी त्याने तेव्हाच पॅरिशच्या ऑफिसात जावं. सकाळी उघडं असतं.